आत जाणाऱ्या हवेचं शून्य

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता सेइपातीच्या लक्षात आलं, की गुरुवारी आपण फार मोठा घोटाळा करून बसलो आहोत. आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता बंद खाणीच्या चौथ्या शाफ्टच्या, म्हणजे खोल विहिरीसारख्या उभ्या बोगद्याच्या तोंडावर काँक्रीट पडणार होतं.

ती गाडीच्या मागच्या भागात यंत्राशेजारी पाय आखडून बसली होती. फ्री स्टेटच्या माळावर जुलै म्हणजे ऐन हिवाळा, सकाळी असं गारठतं की पेन धरलेली बोटं वाकत नाहीत. अहवालाला जोडायचा एक तक्ता राहिला होता, अगदी कारकुनी काम. रोज यंत्र चालू करताना त्याचा शून्याचा मूळ आकडा किती होता, तो तारखेवार लिहायचा. दोन, एक, दोन, तीन, एक. गुरुवारी एक्केचाळीस. तिनं यंत्राच्या पडद्यावर पुन्हा पाहिलं, बोटं तोंडाशी धरून त्यांच्यावर फुंकर घातली आणि तिसऱ्यांदा पाहिलं. एक्केचाळीसच.

यंत्र म्हणजे प्रवासाच्या बॅगेएवढी पेटी. आत दोन आरसे समोरासमोर, त्यांच्यामध्ये लेझरचा किरण हजारो वेळा इकडून तिकडे जातो, आणि मधल्या हवेत जो वायू असेल तो आपल्या वाट्याचा उजेड गिळतो. उजेड किती घटला त्यावरून वायू किती ते कळतं. अब्ज कणांत चार-पाच कण असले तरी सुटत नाहीत. खाणीतली माणसं या पेटीला नाकच म्हणायची. एरवी हे नाक मिथेन हुंगायचं. या वेळी त्याला माणसं हुंगायला आणलं होतं. उपाशी माणसाच्या श्वासात ॲसिटोन असतो, नखांचा रंग पुसायच्या बाटलीला येतो तोच गोडसर वास, आणि उपास जितका लांबतो तितका तो वाढतो.

खाली माणसं आहेत की नाहीत, हाच सगळा वाद होता. खाण बंद पडून अकरा वर्षं झाली होती. उरलंसुरलं सोनं खरवडायला झामा-झामा म्हणून ओळखले जाणारे लोक चोरून खाली उतरायचे आणि महिना महिना खालीच राहायचे. वर त्यांचा दोर सांभाळणारे लोक पोलिसांच्या गाड्या पाहून पळाले, दोर कापला गेला, त्याला तीन आठवडे झाले. पोलीस म्हणत होते, सगळे दुसऱ्या बाजूनं कधीच निसटले. कुंपणापाशी येऊन बसलेल्या बायका म्हणत होत्या, आमची माणसं खालीच आहेत. कोर्टानं सांगितलं, खाली कुणी नाही असा दाखला आणा आणि मग बुजवा. तो दाखला सेइपातीचे साहेब रामाइली यांनी शुक्रवारी सही करून दिला होता.

खाली असलेल्यांत सेइपातीचा धाकटा भाऊ मोजालेफाही होता. हे तिनं कामावर कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या घरचा माणूस झामा-झामा, त्याला खाणीच्या कामावरून हाकलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी यंत्रानं 'कुणी नाही' म्हटलं तेव्हा तिनं ते मुकाट्यानं मानलं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. कुणी नाही म्हणजे मोजालेफा निसटला, कुठंतरी लपला, आता फोन करेल. मनाला सोयीचा आकडा आला की माणूस तो तपासत नाही. माप घेणारी माणसंसुद्धा नाहीत, आणि तीच तर मुळीच नाहीत.

घोटाळा झाला होता तो शून्य लावताना. शून्य लावणं म्हणजे यंत्राला स्वच्छ हवा पाजून सांगायचं, यात काही नाही, इथून पुढं मोज. यंत्राला अक्कल नसते, जे दाखवाल ते शून्य. स्वच्छ हवेची टाकी संपली होती आणि हेड ऑफिस नुसतं पाठवतो, पाठवतो म्हणत होतं. मग रामाइलींनी तीस वर्षांची सवय वापरली. खाणीत हवा आत घेणारा शाफ्ट वेगळा असतो आणि बाहेर टाकणारा वेगळा. आत घेणाऱ्या शाफ्टमध्ये वरची ताजी हवाच खाली जात असते, हे खाणीच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. चौथा शाफ्ट आत घेणारा. "नळी खाली सोड आणि तिच्यातूनच शून्य लाव," ते म्हणाले होते. "नव्या नळीला प्लास्टिकचा वास असतो, तोही त्यातच वजा होईल." तिनं दोनशे मीटर नळी खाली सोडली, सगळ्यांचा चहा झाला, मग शून्य लावलं, मग मोजलं.

पण ती हवा आत ओढणारे पंखे अकरा वर्षांपूर्वीच थांबले होते. बंद पडलेला शाफ्ट आपल्या मर्जीनं हवा घेतो आणि आपल्या मर्जीनं सोडतो. गुरुवारी चहाच्या वेळी सेइपातीनं त्या भोकावर हात शेकले होते. खालून ऊबदार वारा येत होता, बरं वाटलं होतं. ती हवा बाहेर येत होती. माणसांच्या अंगावरून आलेली ती हवा तिनं यंत्राला शून्य म्हणून पाजली, मग तीच पुन्हा मोजली, आणि फरक काहीच आला नाही.

वही तिथंच टाकून ती गाडीतून उतरली.

रामाइली शाफ्टवरच्या लोखंडी पत्र्याजवळ खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत होते. थोराड बांध्याचा माणूस, गुडघे गेलेले, पेन्शनला दोन वर्षं राहिलेली.

"न्ताते, गुरुवारचं शून्य चुकलंय."

"आधी माणसानं कसे आहात, झोप झाली का, असं विचारावं," रामाइली म्हणाले. "वडलांना आपण 'न्ताते' म्हणतो, तसं मला म्हणतेस, मग तसं वाग तरी."

"शून्याचा मूळ आकडा एक्केचाळीस आहे. एरवी दोन-तीनच्या वर जात नाही."

"जनरेटरचा धूर गेला असेल."

"नळीचं टोक दोनशे मीटर खाली होतं. जनरेटर वर."

रामाइलींनी कप खाली ठेवला. "मग यंत्र बिघडलंय. उद्या बघू."

"उद्या कशाला बघायचंय? बाराला ओततायत."

"सेइपाती, ऐक. मी सही केलीय. तू आणून दिलेल्या आकड्यावर केलीय. आता या वयात मी त्या कंत्राटदार क्लोपरकडं जाऊन काय सांगू, की माझ्या पोरीनं रात्री स्वप्न पाहिलं? हा शाफ्ट हवा आत घेतो. मी अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून घेतो."

"तेव्हा पंखे होते."

रामाइलींची नजर पत्र्याकडं गेली.

"हात धरा तिथं," ती म्हणाली. "एकदा धरा, न्ताते. मग मी गप्प बसते."

पत्र्याला नळी सोडायला पाडलेलं भोक होतं, ताटाएवढं. रामाइली कण्हत उठले, हातमोजा काढला आणि तळहात भोकावर धरला. मग वाकून तोंडच तिथं नेलं. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले, आणि उठले तेव्हा त्यांनी चष्मा पुसलाच नाही.

"बाहेर येतेय," ते म्हणाले. "देवा. ही तर बाहेर येतेय."

त्यानंतर त्यांनी वेळ घालवला नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण शून्य लावायला हवा कुठून आणायची, हा प्रश्न होताच. टाकी रिकामी. गाडीला पोलिसांच्या घेऱ्याबाहेर जायला परवानगी नाही. वारा उत्तरेकडून, म्हणजे कुंपणाच्या बाजूनं येत होता. कुंपणापलीकडं चार मैल नुसता मोकळा माळ. नळी वर ओढून तिचं टोक कुंपणापर्यंत नेलं, तर नळीसकट शून्य लागलं असतं. फक्त कुंपणाला लागून बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या वीसेक चुली पेटल्या होत्या.

"लाकडाच्या धुरात ॲसिटोन असतोच," रामाइली म्हणाले. "पुन्हा तेच होईल."

"विझवायला सांगते."

"तू सांगणार? तुला त्याच चुलीत घालतील."

दोघांनी मिळून नळी वर ओढायला सुरुवात केली. दोनशे मीटर ओली नळी, हात सोलून निघाले. टोक वर आलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. सेइपाती ते टोक खांद्यावर टाकून कुंपणाकडं निघाली.

गेले अकरा दिवस ती या कुंपणाजवळून मान खाली घालून जात होती. कारण बायकांमध्ये मोजालेफाची बायको मालिनेओ बसली होती. लेसोथोतून, माफेतेंगहून ती घोंगडी पांघरून आली, तेव्हा सेइपातीनं तिला फोनवर बजावलं होतं, तिथं मला ओळख दाखवू नकोस, माझी नोकरी जाईल. मालिनेओनं शब्द पाळला होता. नणंद समोरून जायची आणि ती चुलीतल्या लाकडाकडं बघत बसायची. सेइपातीला त्याची रोज लाज वाटायची, आणि रोज ती तशीच पुढं जायची.

"चुली विझवा," ती कुंपणाच्या तारेपाशी उभी राहून म्हणाली. "अर्धा तास फक्त."

पिवळ्या घोंगडीतल्या एका म्हातारीनं पातेल्यातला पापा, मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, ढवळणं थांबवलं नाही. "का गं बाई? आमच्या धुरानं तुमच्या काँक्रीटला ठसका लागतो काय?"

दोघी-तिघी हसल्या.

"यंत्राला स्वच्छ हवा लागते, म्मे," ती आईला हाक मारावी तसं म्हणाली. "पुन्हा मोजायचंय."

"तुझ्या यंत्रानं सांगून झालंय की. खाली कुणी नाही. माझा मुलगा कुणी नाही. या पोरीचा बाप कुणी नाही. आता आणखी काय मोजतेस, आम्ही किती आहोत ते?"

"गुरुवारी चुकलं. मी चुकले. खालून येणारी हवाच मी स्वच्छ म्हणून धरली."

"शनिवारी पाण्याची गाडी बंद केली," दुसरी एक म्हणाली. "आज चुली. उद्या म्हणाल श्वास घेऊ नका."

"तेही सांगणारच होते," सेइपाती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण थांबायला वेळ नव्हता. "नळीकडं तोंड करून श्वास सोडू नका. कालपासून जिच्या पोटात काही नाही, तिनं तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसावं. उपाशी माणसाचा श्वास यात येतो. तोच तर शोधायचाय."

यावर कुणी हसलं नाही, पण उठलंही नाही. म्हातारीनं पळी पातेल्याच्या कडेवर आपटली. "तू पगार त्यांचा खातेस. तुझं काय अडलंय खालच्यांपाशी?"

सेइपातीनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित बोलली नसती. "माझा भाऊ आहे खाली," ती म्हणाली. "मोजालेफा. हिचा नवरा."

सगळ्या माना मालिनेओकडं वळल्या. ती उठली. तिच्या चुलीवर अर्धवट शिजलेला पापा होता, दिवसभराचा. तिनं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि विस्तवावर पालथं केलं. फस्सकन वाफ आली.

"माझी औसी आहे," ती बाकीच्यांना म्हणाली. "थोरल्या बहिणीसारखी, नणंद. अकरा दिवस आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. आता विझवा."

माती, राख, प्यायला ठेवलेलं पाणी, हाताला येईल ते चुलींवर पडायला लागलं. मग बायका एकमेकींना धरून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि घोंगड्यांत तोंडं घालून नळीकडं पाठ करून बसल्या. त्या गारठ्यात त्यांच्याजवळ तेवढीच ऊब होती आणि ती त्यांनी विझवली होती. म्हातारी शेवटी गेली. जाताना म्हणाली, "खोटं निघालं तर मी तुला शोधून काढीन."

सेइपाती मागं वळली आणि तिला क्लोपर दिसला. शाफ्ट बुजवायचं कंत्राट त्याच्याकडं होतं. तो दहा पावलांवर हातांची घडी घालून उभा होता. इथल्याच शेतावर वाढलेला गोरा माणूस. सेसोथो भाषा त्याला तिच्याइतकीच यायची.

"म्हणजे तुमच्या नाकाला भाऊ आहे तर," तो म्हणाला. "हे कागदावर कुठं दिसलं नाही मला."

"एकदा मोजू द्या, साहेब."

"मोज की. दिवसभर मोज. पण तुझा आकडा आता मी कशाला मानू? तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा हवा तो आकडा काढला असता. पोलिसांच्या कॅप्टनला सांगतो मी, ही खालच्यांची बहीण आहे. तिला यंत्राला हात लावू देऊ नका."

यात त्याचं काही चुकत होतं असंही म्हणता येत नाही, आणि हेच तिला सहन होईना. बायकांनी विश्वास ठेवावा म्हणून जे बोलली, त्यानंच तिचं माप कवडीमोलाचं झालं होतं. मुख्य रस्त्यावरून काँक्रीटचे दोन ट्रक आत वळत होते, ढोल गरगर फिरत होते. साडेदहाला ते येऊन उभे राहिले. काँक्रीट ढोलात फार वेळ ठेवता येत नाही, तेव्हा बारापर्यंत थांबतील ही आशाही गेली.

"मी मोजतो," रामाइली म्हणाले. ते लंगडत तिथवर आले होते. "माझा कुणी भाऊ नाही खाली. दाखल्यावर सही माझी आहे. चालेल?"

क्लोपरनं खांदे उडवले. "ट्रक रिकामे होईपर्यंत काय ते करा."

"ट्रक रिकामे व्हायच्या आधी करतो," रामाइली म्हणाले.

कॅप्टननं सेइपातीला कुंपणापाशी उभं केलं, एक पोलीस शेजारी ठेवला आणि हात दिसतील असे धर म्हणून सांगितलं. तिथून गाडी साठ पावलांवर होती. तिला रामाइलींची पाठ दिसत होती, पडदा दिसत नव्हता. इतक्या वर्षांत यंत्र चालवायचं काम त्यांनी तिच्यावर टाकलं होतं. कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर, हे त्यांना आठवत असेल का, असा विचार तिच्या मनात आला. ते एकदा वाकले, उठले, डोकं खाजवलं, पुन्हा वाकले.

"हिरवं!" ती ओरडली. "आधी हिरवं, न्ताते, मग थांबायचं."

"गप्प," पोलीस म्हणाला. पण हळूच म्हणाला.

रामाइलींनी हात वर करून ऐकल्याचं दाखवलं. शून्य लागलं असावं, कारण ते नळी गोळा करत शाफ्टकडं गेले आणि एकेक हात करून खाली सोडायला लागले. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस, पत्र्यावर गुडघे टेकून, एकटा. क्लोपर घड्याळ बघत होता. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं पन्हळ शाफ्टच्या तोंडाकडं वळवून ठेवली होती. बायका आता उभ्या राहिल्या होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या, आणि सेइपातीला वाटलं, या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नळी पूर्ण गेली. रामाइली गाडीत चढले. खालची हवा वर यायला वेळ लागतो, ती येईपर्यंत ते पडद्यासमोर बसून राहिले. मग त्यांचे खांदे खाली आले. ते वळून बघतील असं तिला वाटलं, पण त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, दुसऱ्यांदा मोजलं, आणि मग गाडीतून उतरून तिच्याकडं न येता सरळ कॅप्टनकडं गेले. खिशातून दाखल्याची प्रत काढली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तिच्यावर आडवं काहीतरी लिहिलं. खाली पुन्हा सही केली.

ते काय बोलले ते तिला नीट ऐकू आलं नाही. क्लोपरचं ऐकू आलं.

"अडतीस म्हणजे काय, अडतीस? अडतीस माणसं?"

"अडतीस म्हणजे खाली माणसं आहेत," रामाइली मोठ्यानं म्हणाले, कुंपणापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. "उपाशी आहेत आणि श्वास घेतायत. माझा दाखला मी मागं घेतलाय. आता ओतायचं असेल तर तुझ्या सहीनं ओत."

क्लोपर फोनवर गेला. कुणाकुणाशी बोलला, आधी चढ्या आवाजात, मग साध्या आवाजात, मग नुसतं हो हो. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, माल घट्ट व्हायला लागलाय, कुठंतरी टाकलाच पाहिजे. क्लोपरनं त्याच्याकडं न बघता हातानं दाखवलं, आणि दोन्ही ट्रकनी आपलं काँक्रीट शंभर पावलांवरच्या वाळक्या गवतात ओतलं. तेव्हा कुठं बायकांच्या तोंडून आवाज फुटला. मालिनेओ तारेतून हात घालून सेइपातीचा सोललेला तळहात धरून राहिली. पोलिसानं ते पाहिलं आणि तो दुसरीकडं बघायला लागला.

बचावाची क्रेन मंगळवारी सकाळी आली. सोमवारी दुपारी दोरानं पाणी आणि साखर खाली सोडली होती आणि डबा रिकामा वर आला होता, म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. खालून चिठ्ठी आली होती: तेवीस होतो, चौदा आहोत. नावं नव्हती. सेइपाती आणि मालिनेओनं ती चिठ्ठी आळीपाळीनं वाचली. तेवीसातले चौदा म्हणजे निम्म्याहून जास्त, असं सेइपाती मनात घोळवत होती. रामाइली शेजारी खुर्ची टाकून बसले होते. हेड ऑफिसनं त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. ते इथं येऊन बसले होते.

पिंजरा एका वेळी दोघांना आणत होता. पहिले दोघं आले, पुढचे दोघं आले. प्रत्येकाच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं, अंगावर हाडांशिवाय काही उरलेलं नाही. पिवळ्या घोंगडीतल्या म्हातारीचा मुलगा दुसऱ्या फेरीत आला. ती त्याच्याकडं धावली नाही, जागच्या जागी खाली बसली. तिसऱ्या फेरीत एक पन्नाशीचा माणूस आला. स्ट्रेचरवर झोपवताना त्यानं परिचारिकेचा हात बाजूला केला.

"इथं सेइपाती कोण आहे?"

"मी," ती पुढं झाली.

"मी सेलो. मोजालेफानं सांगितलं होतं, वर गेलात की माझ्या बहिणीला भेटा." तो मालिनेओच्या आवाजाकडं वळला, कारण ती काहीतरी पुटपुटली होती. "ही त्याची बायको का? मग हिनंही ऐकावं. तो नाही आता. नळी आली त्यानंतर आम्ही तीनदा झोपलो. तिसऱ्या झोपेतून तो उठला नाही. आम्ही त्याला नीट झाकून ठेवलंय."

मालिनेओनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. सेइपातीनं बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी सकाळी तो उठला नव्हता. ती पुन्हा मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

"नळी दिसली तेव्हा आम्ही ओरडायला लागलो होतो," सेलो सांगत होता. त्याला बोलायचंच होतं, परिचारिका त्याला थांबवू शकत नव्हती. "त्यानं आम्हाला गप्प केलं. म्हणाला, वर जनरेटर चालू असतात, कुणाला ऐकू जायचं नाही, उगीच ताकद घालवू नका. ही माझ्या बहिणीची नळी आहे. एकदा म्हणे तू त्याला तुझ्या यंत्रात फुंकायला लावलंस, आणि सकाळपासून त्यानं काही खाल्लं नाही हे तुला त्या एका फुंकरीवरून कळलं. मग तू त्याला रागावून पोटभर वाढलंस. हे त्यानं आम्हाला किती वेळा सांगितलं असेल. म्हणाला, नळीखाली उभे राहा आणि श्वास सोडा, बाकी काही करू नका, तिला कळेल. मग आम्ही पाळ्या लावल्या. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना दोघांनी काखेत धरून उभं केलं. तो तर तिथून हललाच नाही. आणि खरं बोलला बघ. तुला कळलं."

त्याच्या बोलण्यात कुठंही दोष देणं नव्हतं. त्यानं तिचा हात चाचपून हातात घेतला आणि दोनदा दाबला. सेइपातीला तो काढून घ्यायचा होता, पण तेवढं बळ तिच्या अंगात नव्हतं.

"एक विचारू का, औसी?" तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही. पण तो वास खालून वर पोचायला एवढे दिवस लागतात का?"

रामाइली खुर्चीतून उठले होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला, म्हणजे हो म्हण, एवढंच, हो म्हणून टाक. फडकं बांधलेला तो माणूस उत्तराची वाट बघत होता. मालिनेओनंही घोंगडीतून तोंड बाहेर काढलं होतं.

"नाही," सेइपाती म्हणाली. "चार मिनिटं लागतात."